नानांचा अॅम्प्लिफायर आणि शांताताईंचा गळा

माघ लागला तसं आमचं जेवणाचं टेबल नानांनी ताब्यात घेतलं. रामनवमी होईपर्यंत आम्ही दोघं जमिनीवर पाट मांडून जेवलो. टेबलावर वायरी, तारांना डाख द्यायची इस्त्री, काळ्या पंख्यांसारखे अॅल्युमिनियमचे हीटसिंक, आणि माझ्या आमटीच्या वाट्यांमधून रंगीत पट्ट्यांचे इवले इवले रेझिस्टर, भाजीत टाकायला मसाले काढून ठेवावेत तसे. नाना म्हणजे आमचे हे. टेलिफोन खात्यात होते. सगळं लष्कर, म्हणजे ग्वाल्हेरातला आमचा भाग, त्यांना नाना म्हणतं म्हणून लिहिताना मीही म्हणते, बोलताना मात्र आपलं 'अहो'.

यातलं काहीच झालं नसतं, शांताताईंनी सुपारी उचलली असती तर.

आमच्या राममंदिरात रामजन्माचं कीर्तन शांताताईंचं. मी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हापासून दुसऱ्या कोणाच्या तोंडून रामजन्म ऐकल्याचं मला आठवत नाही. नऊवारी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, आणि असा आवाज की ऐकताना आपण पाय दुमडून बसलोय हेसुद्धा विसरावं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं, थायरॉइडचं, ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण बारीक होऊन आला. गोडवा होता तसाच. पोचत मात्र नव्हता.

मागच्या रामनवमीला संभाजीरावांनी, म्हणजे आमच्या मंदिराच्या व्यवस्थापकांनी, भाड्याचा माइक लावला. त्या भोंग्यातून ताई बोलल्या की जणू कोणी बाड्यावरच्या बाजारात चादरी विकतंय. हळू म्हटलेली ओळ गायब, आणि बटण जरा वर केलं की शिट्टी. शेवटच्या ओळीत आमच्या दुर्गावहिनी बसतात, त्यांना कमी ऐकू येतं. त्या दर वाक्याला शेजारणीला विचारत होत्या, "काय म्हणाल्या?" शेजारीण सांगेपर्यंत ताई पुढे गेलेल्या. मग दोघींचंही सुटायचं. गादीवरून शांताताईंना हे सगळं दिसत होतं. कीर्तनकाराला शेवटची ओळच आधी दिसते, असं त्याच मला एकदा म्हणाल्या होत्या.

तर यंदा माघात संभाजीराव रीतीप्रमाणे ताटात अक्षता-सुपारी घेऊन त्यांच्याकडे गेले. सुपारी उचलली म्हणजे कीर्तन पत्करलं. ताईंनी ताटाला नमस्कार केला आणि सुपारी तशीच राहू दिली.

संभाजीराव तिथून थेट आमच्याकडे आले. ताट हातातच.

"वहिनी, म्हणाल्या की मागच्या ओळीला ऐकू जात नसेल तर उभं राहण्यात अर्थ नाही. मी पुष्कळ समजावलं."

"मग आता?"

"आता काय, भोपाळहून भजनवाली पार्टी बोलवावी लागेल. ऑर्गन, ढोलक, सगळं घेऊन येतात. पण एकदा ती आली ना, की गादीचं कीर्तन परत सुरू होत नाही. हे मी मुरारच्या मंदिरात पाहून चुकलोय."

नाना तोपर्यंत पेपरात डोकं घालून बसले होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "संभाजीराव, सुपारी ताटातच राहू द्या. मी बघतो."

"तुम्ही काय बघणार, नाना? तुम्ही फोन जोडत होता."

"फोनमध्येसुद्धा माणसाचा आवाजच असतो, संभाजीराव. भाजी नसते."

असं सुरू झालं.

मला वाटलं होतं, दुकानात जाऊन चांगलासा तयार सेट आणतील. पण नानांचं म्हणणं, बाजारातला सेट मोठा आवाज करायला बनवलेला असतो. "मला ताईंना मोठं नाही करायचं. जवळ आणायचंय. शेवटच्या ओळीतल्या बाईला वाटलं पाहिजे की ताई माझ्याच शेजारी बसून सांगतायत." हे ऐकल्यावर मी टेबलाबद्दल एक शब्द बोलले नाही.

बाड्याजवळच्या गल्लीत दौलतसिंहांचं दुकान आहे, रेडिओ-टीव्हीच्या सुट्या सामानाचं. नाना मला बरोबर घेऊन जायचे, कारण मी असले की दौलतसिंह चहा मागवतात. पॉवर ट्रान्झिस्टर निवडायला आम्ही गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. नानांनी एकेक उचलून भिंगाखाली धरावा, वरची अक्षरं नखानं खरवडून बघावीत. नकली मालाची अक्षरं लगेच निघतात म्हणे. मग मीटर लावून दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. काउंटरवर ढीग झाला.

"नानाजी," दौलतसिंह म्हणाले, "शादी का रिश्ता देख रहे हो क्या? इतना तो लडकीवाले भी नहीं पूछते."

"रिश्ताच आहे," नाना म्हणाले. "जोडी सारखी पाहिजे. एक वर ढकलणार, दुसरा खाली ओढणार. एक जोरात आणि दुसरा मऊ असला तर आवाज लंगडा."

मला ते लगेच कळलं. झांजांचं तेच असतं. एकाच ओतातली जोडी असली तर नाद लांबवर जातो, आणि एक झांज दुसऱ्या जोडीतली आली की सगळा गजर करकरतो. मी तसं म्हटलं तर नाना दौलतसिंहांकडे बघून म्हणाले, "बघा, हिला आधीपासून येतं सगळं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं काही ऐकलं की अजूनही चहा जरा गोड लागतो.

ट्रान्सफॉर्मरचं तर विचारूच नका. पहिला चौकोनी आणला. नाना त्याला कान लावून बसले, डॉक्टरनं छातीला लावावा तसा. "गुणगुणतो," म्हणाले. मला तर काही ऐकू येईना. "अगं, ताई कौसल्येचं दुःख सांगतायत आणि मागे कोणीतरी सतत 'हंऽऽ' करतंय, चालेल का?" नाही चालणार, मी म्हटलं. मग कंगनासारखा गोल ट्रान्सफॉर्मर इंदूरहून मागवला. त्यालाही कान लावून झाला. तो गप्प होता. नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "शहाणं बाळ आहे."

आणि कपॅसिटर. आवाज ज्या वाटेनं आत शिरतो तिथे एक लागतो, त्यात नानांना तीन जातींमधून निवड करायची होती. त्यासाठी कान माझे. मी माइकसमोर पोथीचा अध्याय वाचायची, ते ध्वनिमुद्रण करायचे, आणि मग डोळे मिटायला लावून एकेक कपॅसिटर बदलून मला माझाच आवाज ऐकवायचे.

"काय फरक वाटतो?"

"पहिल्यात मी घोंगडीतून वाचतेय. दुसऱ्यात माजघरातून."

"आणि तिसऱ्यात?"

"तिसऱ्यात अहो, मी उंबऱ्यावर बसलेय."

तिसरा लागला. त्याच्यावर काय छापलं होतं ते मला आजही माहीत नाही.

एवढं सगळं निवडून झालं, पण पेटी काही निवडली नाही. एका लाकडी फळीवर सगळं मांडलेलं, उघडं. मी विचारलंसुद्धा, "याला झाकण?" तर म्हणाले, "चैत्रातलं ग्वाल्हेर आणि वरून झाकण? शिजून निघेल बिचारा. उघडाच बरा."

पाडव्याला, रामाच्या नवरात्राच्या पहिल्याच दिवशी, नानांनी शांताताईंना घरी बोलावलं. त्या यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, पुरणपोळी केलीय, तेव्हा आल्या. चिपळ्या मात्र पिशवीत होत्या, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

नाना नव्या जावयासारखे तोऱ्यात होते. "ताई, हे यंत्र पदरचं काही घालत नाही, आणि काही लपवतही नाही. तुमच्या गळ्यात जे आहे, तेच बाहेर येणार."

"तेच तर भय आहे," ताई हसल्या.

उभं राहण्याआधी त्यांनी आपली बुक्क्याची डबी काढली. कीर्तनाआधी पेटीला, तबल्याला, चिपळ्यांना बुक्का लावायचा, मग माणसांना, ही त्यांची रीत. चिपळ्यांना लावला. मग टेबलाकडे वळल्या. "हेही आता आपल्यातलंच," म्हणून अंगठ्याची चांगली सढळ चिमूट त्या काळ्या हीटसिंकला टेकवली. मी हात जोडले. नानांनीही जोडले. मग आमच्या दोघांच्या कपाळांना लावला.

आणि ताई गायला लागल्या. काय सांगू तुम्हाला. मी मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसले होते, भिंतीपलीकडे, पण त्या माझ्या कानाशी होत्या. ओठ मिटून उघडतानाचा तो ओलसर सूक्ष्म आवाजसुद्धा. बारीक झालेला गळा बारीकच होता, पण आता तो बारीकपणा नाजूक कामासारखा वाटत होता. माझे डोळे भरले. नानांनी समाधानानं बटण जरासं फिरवलं.

कर्र.

ताई थबकल्या, परत ओळ घेतली. कर्र, खर्र, खसखस. नानांनी बटण मागे घेतलं, तर आणखीनच. आता तर शब्दागणिक, वाळक्या पानावर पाय पडावा तशी खरखर. ताईंनी चिपळ्या थांबवल्या आणि हात गळ्याकडे नेला. ऑपरेशनची खूण आहे तिथे.

"पुरे, नाना."

"ताई, थांबा, हे यंत्रातलं काहीतरी..."

"मघाशी म्हणालात ना, काही घालत नाही, काही लपवत नाही." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "इतके दिवस मला शंका होती. लोक भिडेखातर गोड म्हणतात. यंत्राला कसली भीड? बरं झालं, कळलं."

पुरणपोळी त्यांनी खाल्ली, माझं मन राखायला. मग रिक्षा बोलावून गोरखीला आपल्या घरी गेल्या. चिपळ्या आमच्याच टेबलावर राहिल्या. विसरल्या, की ठेवून गेल्या, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

नानांनी चपला घातल्या आणि तडक दौलतसिंहांचं दुकान गाठलं. मी मागे मागे. तिथे जे झालं ते शोभणारं नव्हतं. नाना म्हणाले, ट्रान्झिस्टर नकली दिलेत. दौलतसिंह म्हणाले, "आपने खुद नाखून से खुरच खुरच के लिए थे, नानाजी!" नाना म्हणाले, अक्षरं खरी होती, पोट खोटं असेल. दौलतसिंहांचा चेहरा उतरला. चहा मागवला नाही. आतून दुसरी जोडी आणून काउंटरवर ठेवली आणि पाठ फिरवून बसले.

नवी जोडी लावली. खरखर तशीच. माझा उंबऱ्यावरचा कपॅसिटर काढून दुसरा लावला. खरखर तशीच. रामनवमी तोंडावर आली आणि नाना त्या फळीसमोर गालाला हात लावून बसले. जेवायला हाक मारली तरी उठेनात.

"सोडून द्या आता," मी म्हटलं.

"यंत्र सोडेन गं. पण ती बाई आता आयुष्यभर आपल्या गळ्याला दोष देणार. माझ्या बडबडीमुळे."

यंत्र चालूच होतं, चांगलं तापलं होतं. मी टेबल पुसायच्या निमित्तानं त्यांच्याजवळ गेले, आणि मला एकदम मंदिरात गेल्यासारखं वाटलं. म्हणजे खरंच. कीर्तनात पूर्वरंग संपला की सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लागतो आणि क्षणभर सगळा सभामंडप दरवळतो ना, तोच वास.

"अहो, इथे बुक्क्याचा वास येतोय."

"येत असेल. माझं नाक बारा महिने चोंदलेलं."

मी वाकून वाकून वास घेतला. हीटसिंकला, आणि त्याच्याखाली, आवाजाच्या बटणाच्या मागे जो कंट्रोल असतो तिथे सगळ्यात जास्त. काळ्यावर काळं, दिसणार कसं? निरांजनाच्या वातीतला कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवून तिथे फिरवला. पांढरा कापूस कोळशासारखा होऊन आला.

नाना बघत राहिले. "बुक्का," म्हणाले. "अगं, बुक्का म्हणजे कोळसाच की! वीज चालते त्यातून. उघड्या कंट्रोलमध्ये गळून बसला. बटण फिरवलं की खर्र!" आणि असे हसायला लागले की मला वाटलं ठसका लागेल. "आणि मी हात जोडून उभा होतो, सीमू. तो लावत असताना मी समोर हात जोडून उभा होतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शंकरपाळी केली आणि पत्र्याचा मोठा चौकोनी डबा भरला. नानांनी तो दौलतसिंहांच्या काउंटरवर ठेवला आणि नुसतं म्हणाले, "माल खरा होता. मीच खोटं बोललो."

दौलतसिंहांनी एक शंकरपाळं तोंडात टाकलं, चावलं, दुसरं घेतलं. "भाभीजी के हाथ का है इसलिए माफ," म्हणाले, आणि चहाला हाक मारली. बुक्क्याची हकीकत ऐकून त्यांनी चारी बाजूंनी बंद असलेला कंट्रोल शोधून काढला. "इसमें भगवान भी घुसना चाहें तो परमिशन लगेगी." मग शंकरपाळी ताटात ओतून घेतली आणि डबा पुढे सारला. "खाली डब्बा कैसे लौटाऊँ? बोलिए, क्या भर दूँ?"

नाना डब्याकडे बघत होते. वीत लावून लांबी मोजली, रुंदी मोजली, पत्र्यावर टिचकी मारली. "काही भरू नका," म्हणाले. "याच्या फक्त बाजूंना भोकं पाडून द्या. वर एकही नको."

दुपारी आम्ही रिक्षानं गोरखीला निघालो. यंत्र माझ्या मांडीवर, स्पीकर नानांच्या. ताईंनी दार उघडलं, आमच्या मांडणीकडे पाहिलं.

"आता परत कशाला, नाना?"

"तुमच्यासाठी नाही. हिचं गाणं ऐकवायला आलोय."

"माझं?" मी म्हटलं. रिक्षात याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी गाते तेव्हा आमच्या आळीतली कुत्रीसुद्धा उठून जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नानांनी चिमट्यांनी जुना, पोटात अजून बुक्का असलेला कंट्रोल जोडला, माइक माझ्या हातात दिला, आणि मी डोळे मिटून आरती सुरू केली. नानांनी बटण फिरवलं. कर्र, खर्र, खसखस.

आधी शांताताई नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

"सीमंतिनी, तुझंही ऑपरेशन झालं की काय गं?"

नानांनी कागदाची पुडी उघडून काळा कापूस पुढे केला. ताईंनी तो नाकाशी नेला, आणि त्यांना सांगावं लागलं नाही. वास ओळखीचा होता.

"म्हणजे मीच लावलेला."

"तुम्ही लावलात, आम्ही नमस्कार केला," नाना म्हणाले. "तिघांचं मिळून झालं."

मग नवा कंट्रोल जोडला. मी पिशवीतून चिपळ्या काढून ताईंपुढे धरल्या. त्यांनी त्या लगेच घेतल्या नाहीत. आधी माइकजवळ जाऊन नुसतं "राम" म्हणाल्या, पुटपुटल्यासारखं. नानांनी बटण फिरवलं. वर, खाली, परत वर. ताई पुन्हा म्हणाल्या, थोडं लांबवून. स्वच्छ. बारीक, आणि स्वच्छ. त्या आपलाच आवाज ऐकत उभ्या होत्या, खूप दिवसांनी भेटलेल्या बहिणीला बघावं तशा.

"पण नाना, सगळ्यांना बुक्का लावायचा आणि यालाच वगळायचं? मग हे कीर्तनातलं कसं?"

नानांनी डबा उचलून यंत्रावर उपडा ठेवला. "आता कपाळ केलंय त्याला. लावा हवा तेवढा."

ताईंनी चिपळ्या घेतल्या. जरा वेळानं, दुसरंच काहीतरी विचारावं तसं म्हणाल्या, "संभाजीरावांच्या ताटात सुपारी आहे का गं अजून?"

रामनवमीला मंडप भरला होता. पूर्वरंग झाला, संभाजीराव बुक्क्याची वाटी घेऊन उठले, ताईंना लावला, पेटीवाल्याला, तबलजीला, आणि सरळ यंत्राकडे आले. नानांचा हात सवयीनं आडवा जायला निघाला, तो त्यांनी स्वतःच मागे घेतला. डब्याच्या पत्र्यावर, जिथे अजून जुन्या बिस्किटांच्या चित्रातलं एक फूल पुसट दिसतं, तिथे काळा टिळा लागला. भर दुपारी जन्म झाला, गुलाल उधळला, डबा लालेलाल झाला. आत यंत्र गप्प आपलं काम करत होतं.

मग पाळणा. एरवी सगळे मोठ्यानं म्हणतात. पण यंदा ताईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, चिपळ्या खाली ठेवल्या, आणि पाळण्याची दोरी हातात घेऊन, गळ्यावर जराही जोर न देता, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईनं रात्रभराच्या कळांनंतर बाळाशी बोलावं तसं बोलू लागल्या. "आलास ना रे? दमलास का?" एवढंच. मग गुणगुणल्यासारखी अंगाई. इतकं हळू त्या गादीवरून याआधी कोणी कधी बोललं नसेल. मी श्वास धरला. आणि कीर्तनकारासारखं मीही आधी शेवटच्या ओळीकडेच बघितलं.

दुर्गावहिनी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारणीला वाटलं, बिचारीला ऐकू आलं नसेल. ती सवयीनं वाकून त्यांच्या कानात सांगायला लागली, "अगं, ताई म्हणतायत की..."

दुर्गावहिनींनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू गं," म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."